आधी आठ काढते, मग सांगते

वाजिदमामा वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी एकदाचा नवरदेव झाला, त्या सालची ही गोष्ट. त्याचं लग्न इतकं लांबलं होतं, की निलोफरने त्याच्या वरातीसाठी शिवून ठेवलेला ड्रेस दोनदा उसवून ढिला करावा लागला. शेवटी मे महिन्यात पौडात मांडव पडला, आणि त्या मांडवात निलोफर आणि अर्शी या दोघी बहिणी एका ताटात जेवल्या. आपण आपाबरोबर शेवटचं जेवलो ते तेव्हाच, असं अर्शीला पुढे नेहमी वाटायचं. तसं पाहिलं तर त्यानंतरही त्या तीन महिने एकाच चुलीवरचं खात होत्या. पण एका घरात जेवणं वेगळं आणि एका ताटात जेवणं वेगळं.

निलोफर, म्हणजे अर्शीची आपा, बावीस वर्षांची, अर्शी सोळाची. बाप अल्लाबक्ष, जातिवंत पिंजारी. पौडच्या एस. टी. स्टँडमागे त्याचं गाद्यांचं दुकान होतं. त्याच्या बापाच्या हातात कापूस पिंजायची धनुकली होती, अल्लाबक्षने मशीन आणलं. हिंजवडीला कंपन्या आल्या, मारुंजीत भाड्याच्या खोल्या उठल्या, आणि खोली घेणारा परगावचा पोरगा बाकी काही घेवो न घेवो, आधी गादी घेतो. "अल्लानं माणसाला झोप दिली म्हणून आपली चूल पेटती," असं अल्लाबक्ष म्हणायचा. गाद्या टेम्पोत घालून तो स्वतः पोचवायचा. टेम्पोला कुणाला हात लावू द्यायचा नाही.

निलोफर हिंजवडीच्या एका कंपनीत रिसेप्शनवर बसायची. स्कूटीवरून जायची, स्कूटीवरून यायची. रात्री दोघी बहिणी एका गादीवर पडल्या, की ती दिवसभराचं सगळं अर्शीला सांगायची. कोण साहेब कुणावर ओरडला, कुणी लिफ्टमध्ये डबा सांडला. अर्शी ऐकता ऐकता झोपायची.

मे महिन्यापासून आपाचं सांगणं बंद झालं.

"लई दमलेय गं," म्हणायची आणि भिंतीकडे तोंड करायची. रविवारी सुट्टी असायची तिथे आता ड्युटी लागायला लागली. आणि रविवारी संध्याकाळी ती घरी आली, की तिच्या सँडलला पांढरी फक्की लागलेली असायची. मैदानावर कबड्डीच्या रेघा मारतात ती. ऑफिसच्या फरशीवर फक्की कुठून येणार? अर्शीने एकदा विचारलं. आपा म्हणाली, "रांगोळी असंल कुणाची तरी." पुढच्या रविवारी ती सँडल बाहेरच झटकून आत आली. ते अर्शीने पाहिलं. लपवणं तिला नवीन नव्हतं. अम्मीपासून, अब्बांपासून त्या दोघींनी मिळून पुष्कळ लपवलं होतं. पण आता आपा तिच्यापासूनच लपवत होती.

जूनमध्ये अर्शी अब्बांबरोबर टेम्पोतून मारुंजीला गेली होती, तीन गाद्या पोचवायला. टेम्पोचा डावा आरसा नव्हता. आदल्या महिन्यात म्हैस आडवी आली, त्यात तुटला, असं अब्बांनी घरी सांगितलं होतं. म्हणून अर्शी डावीकडे बसून "येऊ द्या, येऊ द्या" करत होती. रस्ता तुंबलेला. डाव्या कडेला एक पांढरी गाडी उभी होती, तिच्या मागे कंपनीची कॅब चिकटून. टेम्पो इंचाइंचाने गाडीच्या बरोबरीला आला आणि अर्शीला खिडकीत आपा दिसली. अगदी हाताच्या अंतरावर. काच वर होती. आपा हसत होती, आणि तिच्या पलीकडे एक पुरुष बसला होता. त्याच्या शर्टाची बाही तेवढी दिसली. टेम्पो पुढे सरकला. अब्बांचं लक्ष समोर होतं. अर्शी "येऊ द्या" म्हणायची विसरली.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी माळ्यावर एक बोलणं तिच्या कानावर पडलं. ऊन दाखवलेला कापूस माळ्यावर पसरला होता. अर्शी गाद्यांच्या थप्पीमागे पुस्तक घेऊन आडवी झाली होती. आपा वर आली, इकडेतिकडे पाहिलं आणि फोनवर हळू आवाजात म्हणाली, "न्हाई, घरात कुणालाच म्हाईत न्हाई. आधी आठ काढते, मग सांगते. आत्ता सांगितलं तर अब्बा जाऊच द्यायचे न्हाईत."

आठ काढते. आता कोणताही मराठी माणूस हे ऐकून काय समजेल? मुलगी आठ दिवस काढणार, आणि मग जाणार. अर्शीही तेच समजली. गाडी, बाही, फक्की, सगळं तिने त्या एका वाक्याला बांधलं आणि गाठ मारली.

ती आपाला तिथल्या तिथे विचारू शकली असती. थप्पीमागून उठून "कोण गं तो?" एवढंच म्हणायचं होतं. पण तिला राग आला होता. पळून जाण्याचा राग नव्हता तो, खरं सांगायचं तर. आपल्याला सांगितलं नाही, याचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानात अब्बांना चहा द्यायला गेली. अब्बा सुई ओवत होते आणि सुईत दोरा जात नव्हता. तिने तो ओवून दिला आणि म्हणाली, "अब्बा, एक सांगू का? माझं नाव घिऊ नका. रेश्माताई कुणाला तरी सांगत हुती. आपा मारुंजीत कुणाच्या तरी गाडीत बसती म्हनं. आठ दिवसांनी निघून जाणार हाय."

ही रेश्मा म्हणजे शेजारच्या सगुणाबाईची मुलगी, निलोफरची लहानपणापासूनची मैत्रीण. तिचं नाव अर्शीच्या तोंडात आयत्या वेळी आलं. चुगली आपली दिसायला नको, म्हणून तिने ती दुसरीच्या पदरात टाकली. काही ठरवून केलं नव्हतं. पण ठरवून न केलेलं पाप कमी भरतं असं थोडंच आहे?

अब्बांनी त्याच दुपारी स्कूटीची किल्ली काढून घेतली. "उद्यापासनं कंपनी बंद," म्हणाले. आपा काही सांगायला तोंड उघडत होती. तिने एकदा अब्बांच्या डोळ्यांकडे पाहिलं, एकदा अम्मीकडे, आणि तोंड मिटलं. मग एवढंच म्हणाली, "कुणी सांगितलं?"

"रेश्मा बोलतीया गावभर."

आपाचा चेहरा पांढरा पडला. "व्हय," ती म्हणाली. "तिला एकटीलाच ठावं हुतं."

हे मात्र अर्शीच्या डोक्यातही आलं नव्हतं. रेश्माला खरंच काहीतरी माहीत होतं, अर्शीने टाकलेला खडा नेमका भरल्या हंड्यावर बसला होता. अम्मी, म्हणजे हसिना, तशी शांत बाई, पण त्या दिवशी तिने सगुणाबाईच्या दारात उभं राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं सुनावलं, "आमच्या पोरीचं नाव घालवायला तुझीच पोरगी घावली का?" सगुणाबाई पीठ मळता मळता उठून आली होती. पिठाचे हात तसेच पुढे धरून ती नुसती बघत राहिली. वीस वर्षं ईदचा शीरखुर्मा त्या घरी जायचा आणि होळीच्या पोळ्या या घरी यायच्या. ते त्या दिवसापासून थांबलं. सगुणाबाईचा स्टीलचा डबा तेवढा इकडेच राहिला, फडताळात, वरच्या खणात.

रात्री गादीवर आपाने विचारलं, "अर्शे, तू तर काई बोलली न्हाईस ना?"

"न्हाई," अर्शी म्हणाली.

"तसं न्हाई, म्हटलं इचारावं," आपा म्हणाली, आणि अर्शीच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं.

जुलैत एकदाच अब्बांनी तिला हिंजवडीला जाऊ दिलं, कंपनीचं कार्ड परत द्यायला. सकाळच्या एस. टी.ने गेली ती दिवेलागणीला परत आली. भिजून चिंब होती आणि चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. अम्मी म्हणाली, "नोकरी गेली आणि हसतीस कशापायी?" आपा म्हणाली, "आता कळंलच." पण कळायला दिवस उरले नव्हते. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात तिला ताप भरला. डेंग्यू निघाला. पौडच्या डॉक्टरांनी पुण्याला न्यायला सांगितलं. तिथे रोज रक्त तपासायचे आणि रोज पेशी उतरलेल्या असायच्या.

तापात ती दोनदा रेश्माचं नाव बरळली. अम्मीचं काळीज पाघळलं. "बलवू का तिला?" तिने विचारलं. आपा शुद्धीवर येऊन म्हणाली, "नको. तिनं मला लई खाली पाडलं, अम्मी."

अर्शी उशाशी ओला रुमाल घेऊन उभी होती. तिने तो पिळला, घडी घातली आणि आपाच्या कपाळावर ठेवला.

आपाच्या मयताच्या दिवशी रेश्मा आली होती. दाराबाहेर चपलांच्या ढिगाजवळ उभी राहिली. तिला कुणी आत ये म्हटलं नाही. चाळिसाव्या दिवसाच्या विधीलाही आली, तेव्हा अम्मीने दार लोटून घेतलं. अर्शी आतून खिडकीतून बघत होती. तिला वाटलं, आता उठावं आणि सांगावं. मग वाटलं, आज नको, आज पाहुणे आहेत.

असे 'आज नको'चे दिवस जाता जाता ऑक्टोबर उजाडला. एका सकाळी पोस्टमन भैरू दारात आला. म्हणाला, "निलोफर अल्लाबक्ष पिंजारी. सही लागंल." नाव वाचून तोच अडखळला. "तू कर गं पोरी. लाव अंगठा का सही, कायतरी."

पाकीट अर्शीने माळ्यावर नेऊन फोडलं. आत कार्ड होतं. गाडी चालवायचं लायसन. स्कूटीचं आपाकडे आधीच होतं. यावर हलकी मोटार अशी नोंद होती. फोटोत आपाचे केस भिजलेले, एक खांदा वर, आणि तेच न मावणारं हसू.

अर्शी तिथेच बसून राहिली. मग तिला ती पांढरी गाडी दिसली. टेम्पो डावीकडून चाललेला, गाडी डाव्या कडेला, तोंड त्याच बाजूला. आपा कोणत्या खिडकीत होती? रस्त्याकडच्या. रस्त्याकडच्या खिडकीत काय असतं? स्टिअरिंग असतं. टेम्पोवाल्याच्या मुलीला हे कुणी सांगावं लागतं का? तिने बाही पाहिली होती, हसू पाहिलं होतं, आणि आपाचे दोन्ही हात कशावर होते, ते पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजला म्हणून निघाली आणि घोटवडे फाट्यावरून माण, हिंजवडी करत मारुंजीला पोचली. तीन ड्रायव्हिंग स्कूलमध्ये विचारलं. चौथ्यात दयानंद सर भेटले. पन्नाशीचे, कानाला मफलर, हातात बिस्किटाचा पुडा. अर्शीने कार्ड पुढे केलं.

"अरे वा, आलं का? मॅडम कुठायत? पेढे राहिलेत त्यांच्याकडे."

अर्शीने सांगितलं. सरांनी पुडा बाकावर ठेवला. मग उठून तिला मागच्या मोकळ्या जागेवर घेऊन गेले. तिथे जमिनीवर फक्कीने इंग्रजी आठचा आकडा आखला होता, दोन मोठे गोल एकमेकांना चिकटलेले. एक मुलगी त्यावरून गाडी चालवत होती आणि सारखी रेघेबाहेर जात होती.

"हाच तो आठ," सर म्हणाले. "परीक्षेत काढावा लागतो. तुझ्या बहिणीला हा जमता जमत नव्हता. सरळ रस्त्यावर पठ्ठी ट्रकवाल्याला ऐकायची नाही, पण आठ म्हटला की घाम फुटायचा. मी म्हणायचो, घरी सांगून टाका, वडील टेम्पोवाले आहेत, ते शिकवतील. तर म्हणायच्या, सर, आधी आठ काढते, मग सांगते."

अर्शीने खाली पाहिलं. तिच्या चपलेला फक्की लागली होती.

"आणि वडिलांच्या डोळ्यांचं झालं का काही?" सरांनी विचारलं.

"कसल्या डोळ्यांचं?"

"म्हणजे तुम्हालाही नाही सांगितलं? संध्याकाळी समोरून लाईट आला की त्यांना काहीच दिसत नाही म्हणे. खांबाला टेम्पो घासला, आरसा गेला. मॅडम तेव्हा शेजारी बसल्या होत्या. वडिलांनी शपथ घातली, घरात बोलू नकोस. म्हणून तर शिकायला आल्या. म्हणाल्या, त्यांना खाली उतर म्हणायचं धाडस माझ्यात नाही, पण मी गाडी चालवत असले तर ते आपणहून शेजारी बसतील."

परतीच्या वाटेवर अर्शी रडली नाही. लाज अशी असते, की ती रडूही देत नाही. रडणं हे ज्याचं काही गेलंय त्याचं असतं, आणि तिला वाटत होतं, आपण तर घालवणाऱ्यांतले.

दुकानात अब्बा एकटेच होते. तिने कार्ड त्यांच्या पुढ्यात गादीवर ठेवलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, परत जवळ आणलं.

"वाच," म्हणाले.

तिने वाचलं. मग सगळं सांगितलं, थप्पीमागून ऐकलेल्यापासून ते आपाच्या कपाळावरच्या रुमालापर्यंत. रेश्माने काही सांगितलं नव्हतं, ते नाव मी घातलं, हे सांगताना तिचा आवाज इतका खाली गेला की अब्बांनी "आं?" केलं आणि तिला ते परत म्हणावं लागलं.

अल्लाबक्षने तिला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो कापसातली सरकी निवडत राहिला.

"तू खोटं बोललीस," तो म्हणाला. "आन मी इचारलंच न्हाई. किल्ली काढून घितली. ती माझ्या डोळ्यांकडं बघून गप बसली, आन मला वाटलं, गुन्हा कबूल केला." थोड्या वेळाने म्हणाला, "तुझ्या अम्मीला मी सांगतो डोळ्यांचं. बाकीचं तुझं तू सांग."

अम्मीला सांगून झालं. फडताळातला सगुणाबाईचा डबा काढून तिने अर्शीच्या हातात दिला आणि पाठ फिरवली.

सगुणाबाई ओट्यावर लसूण सोलत होती. तिने आधी डब्याकडे पाहिलं. झाकण उघडलं.

"रिकामा आणलास व्हय," म्हणाली.

शेजारचं भांडं रिकामं परत देत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात, हे अर्शीला लहानपणापासून ठाऊक होतं. तिने डबा परत घ्यायला हात पुढे केला. "मावशी, चुकलं. साखर घिऊन येते."

"ऱ्हाऊ दे. बोलायला आलीस ना? बोल."

रेश्मा उंबऱ्यात येऊन उभी राहिली. अर्शीने सांगितलं. संपल्यावर रेश्मा म्हणाली, "मला वाटायचं, सरांनी सांगितलं असंल. नाहीतर मीच झोपेत बडबडले असंल. चार महिनं मी सोताला इचारतेय, मी कुटं बोलले."

"रेश्माताई, माफ कर."

"तिला सांगितलंस का? मरायच्या आधी?"

"न्हाई."

"मग ती माझ्यावर रुसूनच गेली." रेश्माने हात पुढे केला. "दाव ते लायसन."

तिने फोटो पाहिला. अंगठा त्यावरून एकदा फिरवला. "खांदा बघ कसा वर काढलाय. गाडीत बी अशीच बसायची, जशी काय इमान चालवतीया." ती हसली, आणि हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं. कार्ड परत देऊन म्हणाली, "माफीचं मला आत्ता इचारू नकोस. मला एकटीला सांगून काय व्हतंय? तुझी अम्मी आळीभर वरडून गेली. जितक्या दारांत माझं नाव झालं, तितक्या दारांत सांग. आन निलूचं बी सांग. ती कुणाबरूबर पळत नव्हती म्हणून."

"एकटी जाऊ?"

"मग काय, बँड लावू?" सगुणाबाई म्हणाली. पण लसूण खाली ठेवून ती उठली, पदर सावरला आणि चार पावलं मागे राहून चालू लागली. तिच्या मागे रेश्मा.

आळीत अकरा घरं. पहिल्या दारात अर्शीला वाक्यच जुळेना. घरातली बाई म्हणाली, "काय गं, काय पायजे?" तेव्हा तिने कार्ड पुढे धरलं आणि सुरुवात केली. दुसऱ्या घरात टीव्ही चालू होता. तिने तो बंद करायला सांगितला. पाचव्या घरातली म्हातारी कानाने कमी, तिला ओरडून सांगावं लागलं, आणि मी खोटं बोलले, हे शब्द साऱ्या आळीला ऐकू गेले. सातव्या घरात एकीने "बया बया, सख्खी बहीण गं तू," म्हटलं. अर्शीने मान खाली घातली नाही. तेवढं तिने ठरवलं होतं. सांगून सांगून ते सोपं होईल असं तिला वाटलं होतं, पण अकराव्या दारातही तिला आधी कार्डच पुढे धरावं लागलं. शेवटचं घर वाजिदमामाचं. नवी मामी लग्नानंतर माहेरीच होती, कालच पौडात आलेली, आणि मामाने तिला यातलं काहीच कळवलं नव्हतं. तिने विचारलं, "निलोफर म्हणजे, ती लग्नात नाचली ती? ती कधी गेली?"

अर्शीने उभ्या उभ्या सांगितलं.

निलोफर अल्लाबक्ष पिंजारी, वय बावीस, सतरा ऑगस्ट दोन हजार चोवीसला, शनिवारी दुपारी, डेंग्यूने वारली.